चाहत्यांच्या हातचा इतिहास
(प्रस्तावना)

८ मे १९७७ च्या रात्री न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचा कार्यक्रम झाला. दौऱ्यातल्या अनेक कार्यक्रमांपैकी तो एक. बँडच्या ध्वनिमुद्रणाचे काम पाहणाऱ्या बेटी कँटर-जॅक्सन यांनी तो टेपवर उतरवून घेतला. पुढे त्यांच्या टेप भाड्याच्या गोदामात पडून राहिल्या, भाडे थकले आणि १९८६ मध्ये त्या लिलावात गेल्या. तिथून त्या संग्राहकांच्या हाती आल्या, त्यांनी त्या दुरुस्त केल्या, त्यांच्या नकला काढल्या, नकलांच्या नकला निघाल्या. लोकांनी हा कार्यक्रम वर्षानुवर्षे ऐकला, दुसऱ्या रात्रींशी ताडून पाहिला, त्यावर हिरिरीने वाद घातले. ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ने राष्ट्रीय वारसा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या २०११ च्या यादीत त्याची निवड केली, तेव्हा त्याचा अधिकृत अल्बम बाजारात आलेलाही नव्हता. तो आला २०१७ मध्ये.

जी वस्तू कुठल्याही दुकानात विकत मिळत नव्हती, ती एका देशाचा वारसा ठरली, आणि ती तशी ठरवली चाहत्यांनी. या पुस्तकाचा विषय हेच लोक आहेत: रॉकच्या कार्यक्रमांना जाणारे, कॉमिक्स जमवणारे, एकच चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणारे. त्यांच्याविषयी माझे म्हणणे सरळ आहे. या तिन्ही कलांचे पहिले इतिहासकार चाहते आहेत. विद्यापीठे, ग्रंथालये आणि कंपन्या त्यांच्या मागून आल्या, आणि आल्या तेव्हा चाहत्यांनी लावून ठेवलेल्या याद्या हाती घेऊनच त्यांना काम सुरू करावे लागले.

ग्रेटफुल डेडच्या श्रोत्यांमध्ये कार्यक्रम टेप करणाऱ्यांचा एक वेगळा वर्ग होता. त्यांना टेपर म्हणत. सुरुवातीला ते माइक लपवून आत नेत. पुढे त्यांची संख्या इतकी वाढली की उंच दांड्यांवर लावलेल्या माइकांच्या गर्दीतून ध्वनिसंयोजकाला रंगमंच दिसेना. मग ऑक्टोबर १९८४ मध्ये, बर्कलीच्या कार्यक्रमांपासून, बँडने त्यांच्यासाठी ध्वनिसंयोजकाच्या मागची जागा राखून ठेवली आणि तिची तिकिटेही वेगळी काढली. टेपरचे काम कष्टाचे असे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि हा बँड तर एकेक गाणे वीस-वीस मिनिटे फुलवणारा. त्यामुळे टेपरचा एक डोळा सतत उरलेल्या फितीवर. गिटारवादक दोन गाण्यांच्या मधे तारा जुळवायला थांबला की तेवढ्या अवकाशात कॅसेट उलटायची. क्षण चुकला तर गाणे मधेच तुटणार, आणि ते तुटलेपण पुढच्या प्रत्येक नकलेत कायम राहणार. माइकजवळ बोलायचे नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, शेजाऱ्यालाही हळू आवाजात तसे सांगायचे.

घरी आल्यावर कॅसेटच्या डबीतले कार्ड भरायचे. तारीख, सभागृह, गाव, मग वाजवलेल्या क्रमाने गाणी. एका गाण्यातून न थांबता दुसऱ्यात गेले असतील तर दोहोंच्या मधे बाण. खाली माइक कोणता, टेप डेक कोणता, आणि ही मूळ टेपेची कितवी नक्कल, कारण प्रत्येक नकलेबरोबर खरखर वाढते. या कॅसेटी विकायच्या नाहीत, हा त्यांचा कडक दंडक. ज्याला हवी त्याने कोऱ्या कॅसेट आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. एखाद्या ग्रंथपालाने हे कार्ड पाहावे: वर्णनात्मक सूचीला जे जे लागते ते सगळे त्यात आहे. अशाच नोंदी जुळवून चाहत्यांनी बँडच्या कार्यक्रमांची वर्षवार सूची छापली. ‘डेडबेस’ या नावाने ती १९८७ पासून निघू लागली. बँडचे अधिकृत दप्तर सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवल्याचे जाहीर झाले ते २००८ मध्ये.

अभ्यासकांना या लोकांकडे आदराने पाहायला बराच काळ लागला. थिओडोर अडोर्नो यांना १९४० च्या दशकात लोकप्रिय संगीताचा श्रोता हा ठरावीक साच्याला ठरावीक प्रतिसाद देणारा माणूस वाटत होता. अडोर्नो मोठा विचारवंत, संगीताचा खोल जाणकार. पण त्यांनी ज्या श्रोत्याविषयी लिहिले त्याच्याशी ते बोलले असावेत असे त्यांचे लेखन वाचून वाटत नाही. कॉमिक्सच्या बाबतीत प्रकरण याहून गंभीर झाले. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी १९५४ च्या आपल्या पुस्तकात बालगुन्हेगारीचा ठपका कॉमिक्सवर ठेवला. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कडक आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली या संशोधिकेने २०१२ मध्ये दाखवून दिले की त्यांनी मुलांच्या हकिकतींत फेरफार केले होते. ही गोष्ट या क्षेत्रात बहुतेकांना ठाऊक असते. तिची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. याच वर्थम यांनी १९७३ मध्ये चाहत्यांच्या हस्तनिर्मित नियतकालिकांवर, म्हणजे फॅनझीनांवर, एक स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि या लेखनाचे मनापासून कौतुक केले. कॉमिक्सचा सर्वांत मोठा विरोधक कॉमिक्सच्या वाचकांचे लेखन वाचून त्यांच्या बाजूला आला. नव्या अभ्यासकाने सुरुवात करायला मला तरी याहून चांगले पुस्तक सुचत नाही.

१९९२ या एका वर्षात तीन पुस्तके आली आणि विषयाला घर मिळाले. हेन्री जेनकिन्स यांनी दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांवर लिहिताना आपण स्वतः चाहते आहोत हे न लपवता सांगितले. कॅमिल बेकन-स्मिथ यांनी ‘स्टार ट्रेक’च्या पात्रांवर कथा लिहिणाऱ्या स्त्रियांमध्ये राहून अभ्यास केला. लिसा लुईस यांनी संपादित केलेल्या संग्रहात बार्बरा एरनराइक आणि त्यांच्या दोन सहलेखिकांचा बीटल्सच्या चाहत्या मुलींवरचा निबंध होता. ऑगस्ट १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्सच्या कार्यक्रमाला पंचावन्न हजारांवर लोक जमले. मुलींच्या किंकाळ्यांपुढे संगीत ऐकू येत नव्हते आणि वर्तमानपत्रांनी त्याला उन्माद म्हटले. या लेखिकांनी विचारले, की ज्या मुलींना चारचौघांत मोठ्याने बोलायचीही मुभा नव्हती, त्या हजारोंनी एकत्र येऊन ओरडतात, तेव्हा त्या नेमके काय करत असतात? त्या आरडाओरड्यात स्वातंत्र्याची पहिली चव होती हे त्यांचे उत्तर मला पटते.

कॉमिक्सकडे वळू. डोनाल्ड डकच्या गोष्टी आपल्याकडेही आवडीने वाचल्या गेल्या. डिस्नेच्या त्या अंकांवर चित्रकाराचे नाव नसे. पण अमेरिकेतल्या वाचक मुलांच्या लक्षात आले होते की यातल्या काही गोष्टी एकाच हातच्या आहेत आणि तो हात बाकीच्यांहून सरस आहे. नाव ठाऊक नसल्याने ती मुले त्याला ‘चांगला बदकवाला चित्रकार’ म्हणत. चोचीची रेघ, पार्श्वभूमीतली जहाजे, संवादांचा नेमकेपणा यांवरून ती त्याचे पान ओळखत. १९६० मध्ये एका चाहत्याने अखेर पत्ता मिळवून पत्र लिहिले आणि कार्ल बार्क्स हे नाव बाहेर आले. अंकल स्क्रूजचा निर्माता हाच. पंचविशीत वाचलेले नव्हे, आठव्या-नवव्या वर्षी वाचलेले हस्ताक्षर या वाचकांनी लक्षात ठेवले होते. चित्रकलेचे इतिहासकार निनावी चित्रांचे कर्तृत्व ठरवतात ते याच रीतीने, आणि त्यासाठी त्यांना पदव्या मिळतात.

जेरी बेल्स या चाहत्याने मार्च १९६१ मध्ये ‘ऑल्टर एगो’ हे फॅनझीन काढले, तेही साध्या नक्कलयंत्रावर. जोडीला होता तरुण रॉय थॉमस, जो पुढे ‘मार्व्हल’ या कॉमिक्स कंपनीचा मुख्य संपादक झाला. पुढे बेल्स यांनी हेम्स वेअर यांच्यासह अमेरिकी कॉमिक्समध्ये काम केलेल्या लेखक-चित्रकारांचा कोश रचला. चाहते एकमेकांना सापडायला एक साधी गोष्ट कारणीभूत झाली: ‘डीसी’ कॉमिक्सचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ता छापत. श्वार्ट्झ स्वतः १९३२ मध्ये एका विज्ञानकथा-फॅनझीनचे सहसंपादक होते. पत्त्याची किंमत त्यांना ठाऊक होती.

चित्रपटांच्या प्रेक्षकांचा प्रकार थोडा निराळा. ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ हा रॉक संगीतिकेवरचा चित्रपट १९७५ मध्ये अमेरिकेत पडला. एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरात त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि प्रेक्षकांनी तो आपल्या ताब्यात घेतला. लग्नाच्या प्रसंगी तांदूळ उडवायचे, पावसात डोक्यावर वर्तमानपत्र धरायचे आणि मागच्यांनी पाण्याच्या पिचकाऱ्या मारायच्या, पात्रांच्या वाक्यांमधल्या जागांत आपली वाक्ये ओरडायची, पडद्यासमोर तोच वेष करून तोच प्रसंग उभा करायचा. ही वाक्ये कुणा एकाने लिहिलेली नाहीत. ती गावागणिक बदलतात आणि तोंडोतोंडी पसरतात. आपल्या लोककलांच्या अभ्यासकांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही.

जपणाऱ्या चाहत्याचे उत्तम उदाहरण शोधायला आपल्याला पुण्याबाहेर जायची गरज नाही. पी. के. नायर लहानपणी सिनेमाची तिकिटे आणि वजनकाट्यातून निघणारी नटनट्यांच्या चित्रांची कार्डे जमवत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, पुढच्याच वर्षी ते तिथे रुजू झाले आणि दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांची उरलीसुरली रिळे मिळवण्यापासून पुढली सारी हयात त्यांनी त्या कामाला दिली. तिकिटे जमवणारा मुलगा आणि संग्रहालयाचा संचालक यांच्यात मला कुठेच फट दिसत नाही.

रॉक, कॉमिक्स आणि चित्रपट एकाच पुस्तकात का, असे विचारले जाईल. कारण चाहत्यांनी ते कधी वेगळे ठेवलेच नाहीत. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम यांच्या ‘झॅप’ कॉमिक्सचा पहिला अंक निघाला. त्याच वर्षी गायिका जॅनिस जॉप्लिनच्या बँडच्या ‘चीप थ्रिल्स’ या अल्बमचे मुखपृष्ठ त्यांनी कॉमिक्सच्या चौकटींत काढले. ‘झॅप’मध्ये पुढे चित्रे काढणारे रिक ग्रिफिन रॉकच्या कार्यक्रमांची भित्तिपत्रके रंगवत. ग्रेटफुल डेडचा जेरी गार्सिया हा तर कॉमिक्सवर वाढलेला माणूस. १९७७ मध्ये आलेला बँडवरचा चित्रपट त्याने दिग्दर्शित केला, त्याची सुरुवात हलत्या चित्रांनी केली आणि पुढे कॅमेरा बराच वेळ श्रोत्यांवर ठेवला. रॉकवरच्या इतर कुठल्याही चित्रपटापेक्षा तो मला अधिक प्रिय आहे.

या अभ्यासाला अडचणी आहेत. चाहते भांडतात, गट करतात, नवख्याला आणि स्त्रियांना दाराबाहेर ठेवतात. जुन्या अंकाची किंमत वाढली की कित्येक जण तो प्लास्टिकमध्ये बंद करून वाचणेच सोडून देतात. हे लपवून चालणार नाही आणि या पुस्तकातले लेख ते लपवत नाहीत. अभ्यासक स्वतः चाहता असेल तर तो तटस्थ कसा राहील, हा आक्षेपही नेहमीचा. माझे उत्तर असे की जवळीक हे या क्षेत्रातले भांडवल आहे; पुरावा मात्र इतर कुठल्याही शास्त्राइतकाच चोख हवा. आवडते म्हणून मोठे, हे म्हणणे पुरेसे नाही. कोणत्या रात्री, कोणत्या पानावर, कोणत्या दृश्यात, हे सांगता आले पाहिजे. टेपरांनी ते कार्डावर लिहून दाखवले आहे.

मराठीत या दिशेने काम जवळपास सुरूच व्हायचे आहे, आणि सामग्री उदंड आहे. मार्च १९८० मध्ये ‘द पोलीस’ या रॉक बँडने मुंबईत कार्यक्रम केला, आणि १९८६ पासून धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवाने भारतीय बँडच्या चाहत्यांची एक पिढी घडवली. टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघू लागली. फँटम आणि मॅण्ड्रेक मराठीतूनही घरोघर पोचले. शास्त्रीय संगीताच्या खासगी बैठकींच्या स्पूल आणि कॅसेट जपणारे संग्राहक तर गावोगाव आहेत, आणि ते टेपरांचे सख्खे भाऊबंद आहेत.

वाचकांना माझी विनंती आहे. रंगभवनाच्या पायऱ्यांवर उभे राहिलेले लोक आता साठीच्या आसपास आहेत. त्यांना गाठा, तिकिटाची किंमत किती होती, कोणत्या लोकलने गेला, कोण वाजवत होते, घरी काय सांगितले, हे विचारा आणि तारखेसह लिहून घ्या. ते काम या पुस्तकाने केलेले नाही. ते तुमच्यासाठी मोकळे आहे.