ब्रह्मचाऱ्यांच्या घरी मूल : एका विनोदी कथाबीजाचा मागोवा

संसाराबाहेर राहणाऱ्या पुरुषाच्या पदरी अवचित मूल पडावे, हा प्रसंग आमच्या वाङ्मयास नवा नाही. महाभारतात मालिनीतीरी टाकून दिलेली शकुंतला कण्वांनी आश्रमात आणून वाढविली, आणि कालिदासाने तिला सासरी पाठविताना त्या वनवासी ऋषीच्या व्याकुळतेचे चित्र रेखिले. तेथे करुण आहे, हास्य नाही. मग हाच प्रसंग रुपेरी पडद्यावर हास्याचा विषय का झाला?

याचे एक उत्तर शहरातील बिऱ्हाडांत सापडते. हरमलसारख्या पेडणे महालातील गावांना पोटापाण्यासाठी मुंबईस जाणारा पुरुष परका नाही. कुटुंब गावी आणि कमावता शहरात, अशी विभागणी कोकणात व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली. गिरणगावातील सामाईक खोली, खाणावळीचे जेवण, धोबीतलावच्या बाजूची गोवेकरांची कूड, ही सारी बाईमाणसाविना चाललेली घरे होत. अशा घरात पाळणा हलणे हीच मुळी विसंगती. आणि विसंगती हे हास्याचे मूळ.

मराठी चित्रपटाने अविवाहिताची थट्टा फार पूर्वी आरंभिली. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या व मास्टर विनायकांनी दिग्दर्शिलेल्या ‘ब्रह्मचारी’ने (1938) ब्रह्मचर्याच्या प्रतिज्ञेसच लक्ष्य केले. ‘अशी ही बनवाबनवी’त (1988) चौघा मित्रांची अडचण घराची होती. पुढील वर्षी, 1989 साली, अशोक सराफ व लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या भूमिका असलेला ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’ आला. त्याची विसंगती शीर्षकातच प्रकट झाली आहे. जगातही तो काळ या कथाबीजाच्या बहराचा होता. कोलीन सेरो यांचा तीन पुरुष व एक तान्हुली यांवरील फ्रेंच चित्रपट 1985 चा, त्याचा अमेरिकन अवतार 1987 चा, आणि ‘तूवलस्पर्शम्’ हा मल्याळम चित्रपट 1990 चा.

परंतु या हास्यामागे एक प्रश्न उभा आहे, तो आम्हांस दृष्टिआड करता येत नाही. दारात मूल ठेवून जाणारी आई कोण? फुले दांपत्याने 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे 1874 साली एका विधवेचा पुत्र दत्तक घेऊन त्यास यशवंत हे नाव दिले. त्या काळी लोकलज्जेपायी टाकलेल्या अर्भकाचे भवितव्य बहुधा मृत्यूच असे. विनोदी चित्रपट हा इतिहास सांगत नाही. मात्र दुपटे बदलताना पुरुषाची जी त्रेधा उडते, तिच्यामुळे स्त्रीच्या न मोजलेल्या श्रमांचे माप प्रेक्षकास कळते. सेरो यांच्या चित्रपटाअखेर तर थकून गेलेली आईच मुलीस पुन्हा त्या तिघांच्या स्वाधीन करते. हसणाऱ्या प्रेक्षकास तेथे क्षणभर थांबावे लागते.

बालसंगोपन हा स्त्रीचा उपजत धर्म नसून शिकून घेण्याजोगे कर्तव्य आहे, हे प्रवचनापेक्षा अशा प्रहसनाने अधिक सहज पटते. म्हणूनच या चित्रपटांस केवळ करमणूक म्हणून बाजूस सारणे आम्हांस उचित वाटत नाही.