आखाड्यावरचा कारवान

कळमनुरी तालुक्यातलं डोंगरकडा हे केळी आणि हळदीच्या मुलखातलं गाव. इकडे शेतातल्या गोठ्याला, राखणीच्या जागेला आखाडा म्हणतात. शेजारच्या आखाडा बाळापूरच्या नावातही तो शब्द बसलेला आहे. रानडुकरं पिकात शिरतात म्हणून आखाड्यावर रात्री माणसाबरोबर कुत्रा असतोच. मराठवाड्यातल्या अशा आखाड्यांवर मधूनच एक निराळं जनावर दिसतं. उंच, लांबोडक्या तोंडाचं, खोल छातीचं, पोट पाठीला लागल्यासारखं. नवखा माणूस त्याला उपाशी समजतो. जाणता म्हणतो, "कारवान आहे."

हा शब्द मूळचा फारसी. कारवान म्हणजे उंट, घोडे, बैल घेऊन एकत्र चालणारा व्यापाऱ्यांचा तांडा. बहमनी राज्य 1347 साली उभं राहिलं. त्यानंतर इराणी, अरब, अफगाण सरदार, शिपाई आणि घोड्यांचे व्यापारी दख्खनेत येत राहिले. त्यांच्या तांड्यांबरोबर शिकारी कुत्री आली आणि तांड्याचं नाव कुत्र्याला चिकटलं, असं पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. अंगलट पाहिली तरी नातं कळतं. पश्चिम आशियातला सलुकी आणि मध्य आशियातला ताजी यांची चण हीच आहे. ताजी हा शब्द मराठीलाही परका नाही. जुन्या मराठीत ताजी म्हणजे अरबी घोडा. फारसीत त्याच शब्दाने अरबी घोडाही ओळखतात आणि वेगवान शिकारी कुत्राही.

कान, शेपूट आणि पायांवर रेशमी झालर असली की त्याच घराण्यातला कुत्रा पश्मी ठरतो. पश्म म्हणजे लोकर. पश्मिना शालीतला पश्म तोच. लातूर, नांदेडकडे पश्मी आणि कारवान दोन्ही नावं सर्रास चालतात.

हा कुत्रा वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतो. डोकं अरुंद आणि डोळे कडेला सरकलेले असल्यामुळे त्याला रुंद मुलूख एकदम दिसतो. खोल छातीत मोठं हृदय आणि फुप्फुसं मावतात. लवचीक कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो, आणि भरधाव पळताना एका झेपेत दोनदा त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. नराची उंची खांद्यापाशी साधारण 68 ते 74 सेंटिमीटर भरते, तरी वजन तीस किलोच्या आतच. उघड्या माळावर ससा गाठायचा तर असंच शरीर लागतं. काळी माती, खुरटं गवत, लांबवर पोचणारी नजर: आपल्या पठाराने पाहुण्याला आपलासा केला तो असा.

देवानेही त्याला जवळ केलं. खंडोबाच्या पायाशी कुत्रा असतो, आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानतात. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे आणि गाढवांच्या बाजाराबरोबर तिथे श्वान प्रदर्शनही असतं. मराठवाड्यातल्या पाळणाऱ्यांसाठी ते वर्षाचं संमेलनच. कोणाच्या नराची चाल कशी, कोणाच्या मादीची पिल्लं कशी, हे तिथे नजरेने ठरतं.

दक्षिणेला, आजच्या कर्नाटकातल्या मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हीच जात कसोशीने जोपासली, म्हणून जगाने तिला मुधोळ हाउंड म्हटलं. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीतही तेच नाव आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र कॅरॅव्हॅन हाउंड म्हणतो. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं, 2016 साली काही पिल्लं सैन्याच्या प्रशिक्षणासाठी मेरठला गेली. मान मिळाला याचा आनंद आहे. पण मराठवाड्यातल्या धन्यांनी भाकरीतला वाटा देऊन ही जात टिकवली, हे विसरलं जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली, आणि ते योग्यच झालं. हरणं आणि ससे जगले पाहिजेत. पण ज्या कामासाठी हे शरीर घडलं ते काम संपलं. आता निगा राखायची तर हे शरीर समजून घ्यावं लागतं.

त्याला दिवसभर साखळीला बांधू नये. रोज पहाटे किंवा सांजवेळी कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत मनसोक्त पळू द्यावं. रस्त्यालगत सोडू नये; नजर एकदा धावत्या वस्तूवर बसली की हाक ऐकू येत नाही. पिल्लाची हाडं वर्षभर भरत असतात, तोवर त्याला गाडीमागे पळवू नये.

ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून घालणं ही जुनी रीत चांगली, पण ती एकटी पुरत नाही. अंडी, मांस किंवा तत्सम प्रथिनं हवीत. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं हीच त्याची तब्येत. लोकांच्या बोलण्याला भुलून त्याला लठ्ठ करू नये. जेवण दोन वेळा विभागून द्यावं आणि जेवणानंतर तासभर तरी पळवू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडू शकतो. पोट नगाऱ्यासारखं ताणलं, ओकाऱ्या येऊनही काही पडत नसलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

अंगावर चरबी नाही, म्हणून कोपरांखाली गोधडी हवी, थंडीत आडोसा हवा. काही भुलीची औषधं अशा कुत्र्यांच्या अंगातून हळू उतरतात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. पावसाळ्यात कान आणि बोटांच्या बेचक्यांत रोज गोचीड पाहावा. ताप, फिकट हिरड्या, गडद लघवी ही गोचीड-तापाची खूण असू शकते. रेबीजची लस दरवर्षी चुकवू नये.

तो भुंकतो कमी आणि परक्या हाताला दबतो. मार त्याला कायमचा बुजवतो. ज्या धन्याच्या आवाजावर त्याचा विश्वास बसतो, त्याच्यासाठी मात्र तो रात्र रात्र धुऱ्यावर बसून राहतो.

म्हणून माळेगावच्या बाजारात पिल्लाचे दात आणि पाय पाहण्याआधी घेणाऱ्याने स्वतःची जागा पाहावी. कित्येक शतकांची वाट चालून आलेल्या या जनावराला भाकरी कुठेही मिळेल. पळायला रान आहे का, हे आपणच स्वतःला विचारायचं.