अफगाणिस्तानची पुनर्रचना : पट आणि हजेरी

युद्धानें उद्ध्वस्त झालेला देश पुन्हा उभारण्याचें काम एखादें सरकार अंगावर घेतें, तेव्हां त्याला दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, प्रत्यक्ष उभारणी. आणि दुसरी, ती होत आहे अशी आपल्या करदात्यांची खात्री पटविणें. या दोहोंत अंतर पडूं लागलें म्हणजे काय होतें, हें २००१ ते २०२१ या काळांतील अफगाणिस्तानच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

डिसेंबर २००१ मध्यें बॉन येथें झालेल्या करारानें हमीद करझाई यांच्या नेतृत्वाखालीं काबुलांत हंगामी सरकार आलें. पुढील वीस वर्षांत अमेरिकेनें पुनर्रचनेसाठीं सुमारें १४५ अब्ज डॉलर मंजूर केले. एवढ्या द्रव्याचें फळ म्हणून तीन गोष्टी वारंवार पुढें मांडल्या जात. विद्यार्थ्यांची संख्या दहा लाखांच्या आंतून ऐंशी लाखांवर गेली. सरासरी आयुर्मान ४२ वर्षांवरून ६२ वर चढलें. आणि सैन्य व पोलीस मिळून तीन लाखांचें दळ सज्ज झालें.

या दाव्यांची झडती कोणा शत्रूनें घेतली नाहीं. अमेरिकेनेंच २००८ सालीं कायद्यानें निर्माण केलेल्या विशेष महानिरीक्षकाच्या कचेरीनें ती घेतली. २०१२ पासून जॉन सोप्को हे तिचे प्रमुख होते. आयुर्मानाचा हिशेब तपासतां असें आढळलें कीं, ४२ हा आंकडा जागतिक आरोग्य संघटनेनें गणितानें बांधलेला अंदाज होता, तर ६२ हा २०१० सालच्या घरोघरच्या पाहणींतून निघाला होता; आणि त्या पाहणींतूनहि दक्षिणेकडील कांहीं अशांत ग्रामीण प्रदेश वगळावा लागला होता. दोन निरनिराळ्या गजांनीं मोजलेल्या कापडांची ही वजाबाकी होती. त्याच कचेरीनें ऑगस्ट २०२१ मध्यें दिलेले आंकडे ५६ आणि ६५ असे आहेत. वाढ खरी, पण वीस वर्षांची नव्हे, नऊ वर्षांची.

शाळांच्या बाबतींत, पट आणि हजेरी यांतील फरक कोणताहि शिक्षक जाणतो. अफगाण शिक्षणखातें तीन वर्षांपर्यंत गैरहजर असलेल्या मुलाचेंहि नांव पटावर ठेवी, आणि एकूण संख्येंत तें मोजलें जाई. २०१५ सालीं तर, अस्तित्वांत नसलेल्या शाळांवर पैसा खर्ची पडल्याचें नव्या शिक्षणमंत्र्यांनीं संसदेंत सांगितल्याचें वृत्त आलें.

अधिकाऱ्यांची बाजूहि अगदींच पोकळ नव्हती. जेथें १९७९ नंतर शिरगणती झाली नाहीं आणि पाहणी करणाराच्या जिवालाच धोका, तेथें बिनचूक आंकडा आणावा कोठून? शिवाय पांच वर्षांखालील बालकांचें मृत्युप्रमाण निम्म्याहून अधिक घटलें, आणि २००५ ते २०१७ या काळांत तरुण मुलींमधील साक्षरतेचें शेंकडा प्रमाण १९ अंकांनीं वाढलें, हें महानिरीक्षकांनींहि मान्य केलें.

सैन्याचा दावा मात्र टिकला नाहीं. कोणते जिल्हे सरकारच्या ताब्यांत आहेत याची मोजदाद लष्करी अधिकारी करीत असत. २०१८ च्या अखेरीस, चित्र बिघडत असतांनाच, निर्णय घेण्यास तिचा विशेष उपयोग नाहीं असें सांगून ती थांबविण्यांत आली. केवळ पगारपत्रकावर हजर असलेले सैनिक किती, हा प्रश्न महानिरीक्षक वर्षानुवर्षें विचारीत होते. तरीहि ८ जुलै २०२१ रोजीं राष्ट्राध्यक्ष बायडन यांनीं तीन लाख सुसज्ज सैनिकांचा हवाला दिला. १५ ऑगस्टला काबुल जवळजवळ लढाईवांचून पडलें.

मार्च २०२२ मध्यें मुलींच्या माध्यमिक शाळा उघडण्याचें वचन मोडण्यांत आलें. डिसेंबरांत विद्यापीठेंहि त्यांना बंद झालीं. इमारती उभ्याच होत्या. परंतु त्या वीस वर्षांत ज्या मुलीला वाचतां येऊं लागलें, तिचें वाचणें कोणत्याहि फर्मानानें परत घेतां येत नाहीं. फुगविलेल्या आंकड्यांनीं खरा अन्याय केला तो तिच्यावर; कारण खोटा आंकडा उघडा पडला म्हणजे लोक त्याच्या शेजारच्या खऱ्या आंकड्यावरहि विश्वास ठेवीनासे होतात.