ऑस्ट्रेलियांतील वेगवान मोटारी आणि त्यांचीं इंजिनें

ता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं मेलबर्न शहरांतील फिशरमन्स बेंड येथील कारखान्यांत ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या उपस्थितींत एका नव्या मोटारगाडीचें अनावरण झालें. ती पहिली होल्डन गाडी. तिच्यांत सहा सिलिंडरांचें, सुमारें २.१५ लिटरांचें आणि ६० अश्वशक्तीचें इंजिन होतें. आज ही शक्ति अल्प वाटेल. परंतु जेथें गांवागांवांमधील अंतरें मोठीं आणि रस्ते धुळीचे, तेथें वेगापेक्षां टिकाऊपणाचें मोल अधिक होतें.

इंजिनाची शक्ति वाढविण्याचे ठळक मार्ग दोन. एक तर सिलिंडर मोठे अथवा संख्येनें अधिक करावे; नाहीं तर आहेत त्याच सिलिंडरांत हवा व इंधन अधिक कौशल्यानें भरावें. ऑस्ट्रेलियाच्या वेगवान गाड्यांचा इतिहास म्हणजे या दोन मार्गांमधील दीर्घ स्पर्धाच होय.

प्रथम सरशी झाली ती पहिल्या मार्गाची. १९६७ सालीं फोर्ड कंपनीनें फाल्कन जी. टी. गाडींत २८९ घनइंचांचें, २२५ अश्वशक्तीचें ‘व्ही-आठ’ इंजिन बसविलें. चार सिलिंडरांच्या दोन रांगा तिरप्या उभ्या करून खालीं एकाच दांड्याला जोडल्या, म्हणजे हें इंजिन बनतें. त्याच वर्षीं बाथर्स्ट येथील डोंगरी मार्गावरची ५०० मैलांची शर्यत या गाडीनें जिंकली. पुढच्याच वर्षीं होल्डनच्या मोनारोनें ३२७ घनइंचांचें इंजिन घेऊन तिला उत्तर दिलें. या शर्यतीचा एक नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे : जी गाडी सामान्य गिऱ्हाइकाला विकली जाते, तीच शर्यतींत उतरवावयाची. त्यामुळें शर्यत जिंकण्यासाठीं रचलेलें इंजिन आपोआपच सार्वजनिक रस्त्यावर येऊं लागलें.

१९७१ सालीं ही चढाओढ शिगेस पोहोंचली. फोर्डच्या फाल्कन जी. टी. एच. ओ. फेज थ्री गाडीचें इंजिन ३५१ घनइंचांचें होतें. कागदोपत्रीं त्याची शक्ति ३०० अश्वशक्ति दाखविली जाई. ॲलन मॉफट यांनीं त्या वर्षीं तिच्याच बळावर बाथर्स्ट जिंकलें. मात्र त्याच सुमारास क्रायस्लर कंपनीनें दुसऱ्या मार्गाची चुणूक दाखविली. तिच्या व्हॅलियंट चार्जर गाडीला सहाच सिलिंडर होते, पण तीन वेबर कार्ब्युरेटरांच्या योगें २६५ घनइंचांतून २८० आणि १९७२ सालीं ३०२ अश्वशक्ति काढण्यांत आली. होल्डनची सहा सिलिंडरांची हलकी टोराना तर पीटर ब्रॉक यांनीं १९७२ सालीं बाथर्स्टमध्यें विजयी केली.

परंतु या पराक्रमाला दुसरी बाजू होती. १९७० या एका वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या रस्त्यांवर ३,७९८ माणसें प्राणांस मुकलीं. जून १९७२ मध्यें सिडनीच्या एका वृत्तपत्रानें, ताशीं १६० मैल धांवणाऱ्या गाड्या लौकरच कोणासही विकत मिळणार, अशी बातमी ठळकपणें छापली. राज्यकर्त्यांनीं डोळे वटारले आणि थोड्याच दिवसांत तिन्ही कंपन्यांनीं आपले नवे बेत गुंडाळले. शर्यतीचे शौकीन आजही हळहळतात. पण ज्यांच्या घरचें माणूस रस्त्यावर गेलें, त्यांचें गाऱ्हाणें खोटें होतें असें कोण म्हणेल?

पुढें तेलाची महागाई आली. १९७६ सालापासून धुरावर कडक निर्बंध आले. फोर्डनें तर १९८२ सालीं आठ सिलिंडरांचें इंजिन बंदच केलें; तें परत आलें १९९१ सालीं. १९८६ सालापासून नव्या गाड्यांना शिसेविरहित पेट्रोल सक्तीचें झालें. होल्डननें आपलें जुनें सहा सिलिंडरांचें इंजिन सोडून जपानच्या निसान कंपनीचें ३ लिटरांचें इंजिन पत्करलें आणि त्याला टर्बोचार्जर जोडला. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतानें एक चक्र फिरतें, आणि तें चक्र सिलिंडरांत जादा हवा कोंबतें. वायां जाणारें बळ असें कामास लागतें. या लहान इंजिनानें १५० किलोवॅट शक्ति दिली. त्याच गाडींतील ५ लिटरांच्या व्ही-आठाची शक्ति होती अवघी १२२ किलोवॅट!

ज्ञानानें आकारावर मात केली, तरी लोकांचें मन मात्र वळलें नाहीं. १९९१ व १९९२ सालीं निसानच्या स्कायलाईन जी. टी. आर. गाडीनें, दोन टर्बोचार्जर आणि चारही चाकांना मिळणारी गति यांच्या जोरावर, बाथर्स्ट जिंकलें. पावसानें थांबविलेल्या १९९२ च्या शर्यतीनंतर विजेत्यांची जमावानें हुर्यो उडविली. १९९३ पासून नियमच बदलले, आणि ५ लिटरांच्या व्ही-आठांचें राज्य पुनः सुरू झालें.

रस्त्यावर मात्र सुधारणा थांबली नाहीं. १९९९ सालीं होल्डननें लोखंडी इंजिनाऐवजीं ॲल्युमिनियमचें ५.७ लिटरांचें अमेरिकन इंजिन घेतलें. २००२ सालीं फोर्डनें जीलाँग येथें बनविलेल्या ‘बारा’ नांवाच्या ४ लिटरांच्या, सहा सिलिंडरांच्या इंजिनाला टर्बोचार्जर लावून २४० किलोवॅट शक्ति मिळविली. पुढें तीच २७० वर गेली. १९४८ च्या होल्डनशीं तुलना केली, तर दर लिटरामागें ही शक्ति तिपटीहून अधिक भरते.

आणि कसब असें परिपक्व झालें असतांनाच कारखाने मिटले. ता. ७ ऑक्टोबर २०१६ रोजीं फोर्डनें ऑस्ट्रेलियांतील मोटारनिर्मिति थांबविली, ता. २० ऑक्टोबर २०१७ रोजीं एलिझाबेथ येथून शेवटची होल्डन बाहेर पडली. इंजिनें आजही शौकिनांच्या घरीं जपलेलीं आहेत. पण ओतशाळेंत एका पिढीच्या हातून दुसरीच्या हातीं जाणारी विद्या कोठल्याही गाडीघरांत जपून ठेवतां येत नाहीं. ती हातांतच जगते, आणि हातांना काम राहिलें नाहीं, म्हणजे तीही नाहींशी होते.