मागे राहिलेल्यांचा निर्णय

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरचे सायकलपटू भोर-वेल्ह्याच्या चढउतारांवरून गेले. (वेल्हे तालुक्याचे नाव कागदोपत्री आता राजगड आहे, बोलण्यात वेल्हेच.) अशा शर्यतीत नजर खिळते ती घोळक्यातून निसटून पुढे गेलेल्यावर, आणि स्वतंत्र बुद्धीचा तोच, असे आपण ठरवून टाकतो. हे अर्धेच खरे आहे. दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवणाऱ्याचे श्रम साधारण तिसऱ्या हिश्श्याने वाचतात, म्हणून एकट्या निसटलेल्याला घोळका बहुधा गाठतोच. तो निभावतो ते पुष्कळदा मागे राहिलेले सोबती पाठलागात मोडता घालतात म्हणून. आपल्या दमावर दुसऱ्याने जिंकावे, हे मान्य करणे पुढे पळण्यापेक्षा अवघड आहे. १९११ च्या टूर द फ्रान्समध्ये मोरिस ब्रोकोने मागे पडलेल्या फ्रांस्वा फाबेरला साथ देत टप्पा पार करवला, तेव्हा शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांनी त्याला घरगडी म्हणून हिणवले. चिडलेल्या ब्रोकोने पुढचा डोंगराळ टप्पा स्वतः जिंकला, आणि बाद झाला. दुसऱ्याला साथ देणाऱ्याच्या पायांत बळ नसते, हा समज मात्र त्याने मोडीत काढला.

घोळक्यात राहावे की दुसऱ्यासाठी झिजावे, हा पेच भोरच्या मुलखात ब्रोकोच्या अडीचशे वर्षे आधी येऊन गेला होता. १६५९ च्या जूनमध्ये आदिलशाही फर्मान कारीच्या कान्होजी जेध्यांच्या हाती पडले: अफजलखानाला सामील व्हा. त्याच रोहिडखोऱ्यातल्या उत्रवळीच्या खंडोजी खोपड्यांनी खानाची वाट धरली. त्यांना आज सरसकट फितूर म्हणतात, पण त्यांचा हिशेब वेडगळ नव्हता. एकीकडे विजापूरची जंगी फौज, दुसरीकडे मूठभर किल्ल्यांचा तरुण धनी. वतन राखायचे तर मोठ्या घोळक्यातच राहणे शहाणपणाचे दिसत होते. कान्होजी मात्र पाच मुलांसह शिवाजीराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. कोणी म्हणेल, ही शहाजीराजांच्या जुन्या माणसाची निष्ठा, यात विचार कसला? पण शहाजीराजे तेव्हाही आदिलशाहीच्याच चाकरीत होते. निष्ठा दोन्हीकडे ओढत असताना निवड करावीच लागते.

दुसरा दाखला हिरडस मावळातल्या बांदलांचा. हे घराणे आधी शिवाजीराजांशी लढलेले, त्यामुळे त्यांना वंशपरंपरेने आज्ञाधारक म्हणण्याची सोय नाही. त्यांचे देशपांडे बाजीप्रभू भोर तालुक्यातल्या शिंदचे. १२ जुलै १६६० च्या रात्री राजे पन्हाळ्याच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निसटले, सिद्दी मसूद पाठीवर आला, आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू व बांदलांनी घोडखिंड अडवून धरली. शर्यतीशी याची तुलना हलकी वाटेल. ब्रोकोची शर्यत गेली, यांचे प्राण गेले. हे अंतर कोणत्याही युक्तिवादाने मिटत नाही. मला साम्य दिसते ते निर्णयाच्या घडणीत: पाठलाग किती वेळ थोपवायचा आणि पुढचा कुठवर पोचला पाहिजे, याचा हिशेब मागच्यांनी आपल्या जिवावर मांडलेला असतो. पुढच्याचीही सुटका नसते. विशाळगडालाही सुर्वे-दळव्यांचा वेढा होता. तो फोडूनच राजांना वर जाता आले. तिथे ते अडले असते तर खिंडीतला तो हिशेब वाया गेला असता.

खरा आक्षेप साधनांवर घेता येतो. कान्होजींची थोरवी आपल्याला बरीचशी जेधे घराण्याच्याच कागदांतून कळते, आणि घराणी आपले पूर्वज उजळवूनच लिहितात. वतनावर पाणी सोडण्याच्या प्रसंगाला म्हणूनच थोडे जपून हाताळावे. फर्मानाची गोष्ट मात्र वेगळी, ते शत्रूच्या दरबाराने धाडलेले. शिवाय याच घराण्याचा करीना, म्हणजे हकिकतीचा कागद, स्वतःला न शोभणारी एक नोंदही ठेवतो. अफजलखान प्रकरणानंतर तलवारीच्या पहिल्या पानाचा, म्हणजे दरबारातला पहिला मान जेध्यांकडे होता. घोडखिंडीनंतर राजांनी तो बांदलांना देऊ केला आणि जेध्यांनी ते मान्य केले. नुसती बढाईच मारायची असती तर मान दुसऱ्या घराकडे गेल्याचे लिहून ठेवायची जेध्यांना काही गरज नव्हती.