वाफेचं गाढव आणि शिट्टीची तार

मागच्या खेपेला आपण यंत्र आणि कसब या विषयापाशी थांबलो होतो. तेव्हा मी एक विधान केलं होतं, जे मी वर्गातही वर्षानुवर्षं करत आलो: यंत्र आलं की माणसाच्या हातातलं कसब जातं. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना असली विधानं फार आवडतात, कारण ती तपासायला कुठे जावं लागत नाही. आज मी ते एका यंत्रावर तपासून बघणार आहे. यंत्र तसं साधं. डोंगरउतारावर तोडलेलं झाड दोराने ओढून खाली किंवा वर, जिथे रस्ता असेल तिथे आणून टाकायचं, एवढंच त्याचं काम.

जागा आहे अमेरिकेचा पॅसिफिक किनारा. उत्तर कॅलिफोर्निया, ऑरेगन, वॉशिंग्टन. इथले रेडवुड वृक्ष शंभर मीटरपर्यंत वाढतात, म्हणजे आपल्याकडची तीस मजली इमारत. डग्लस फरही काही लहान नाही. असं झाड कुऱ्हाड-करवतीने पाडता येतं. दोन माणसं चिकाटीने लागली की पडतं. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पडलेला ओंडका हलवायचा कसा?

सुरुवातीला बैलांनी. चिखलात आडवे ओंडके टाकून वाट करायची, त्यावर तेलाचं वंगण घालायचं आणि सहा-आठ-दहा जोड्या जुंपून ओढायचं. वंगण घालायला एक पोरगा बैलांच्या मागे नि ओंडक्याच्या पुढे डबा घेऊन पळायचा. त्या वाटेला म्हणत ‘स्किड रोड’. हेन्री येस्लरने १८५३ साली सिअ‍ॅटलला वाफेवरची लाकूडगिरणी सुरू केली, तिथेही डोंगरावरून अशी वाट उतरत होती. पुढे त्या भागात दारूचे गुत्ते आणि बेकार मजुरांची वस्ती झाली, आणि ‘स्किड रो’ हा शब्द अमेरिकेतल्या कुठल्याही शहराच्या पडक्या वस्तीला लागू झाला. शब्दाचा प्रवास कसा होतो बघा!

पण बैलाची एक मर्यादा आहे. तो तीव्र चढ-उतारावर वजन ओढू शकत नाही. उतारावर ओंडका त्याच्याच अंगावर येतो. म्हणून नदीकाठची, सपाटीवरची झाडं आधी गेली आणि कडे-कपारीतली वाचली. आपल्याकडे अण्णामलाईच्या डोंगरात ‘टॉप स्लिप’ नावाचं ठिकाण आहे, पोल्लाचीच्या वर. सागाचे ओंडके तिथून खाली घसरवून देत, म्हणून ते नाव. गुरुत्वाकर्षण फुकट असतं. पण ते एकाच दिशेला काम करतं आणि ओंडका कुठे थांबेल हे विचारून घेत नाही.

आता कॅलिफोर्नियातलं युरेका हे बंदर. तिथे डॉलबियर आणि कार्सन यांची लाकडाची कंपनी होती. त्यातल्या कार्सनचा लाकडी वाडा आजही पर्यटक बघायला जातात. जॉन डॉलबियर मात्र वेगळ्या कारणाने लक्षात राहिला. १८८१ साली त्याने उभ्या बॉयलरचं एक छोटं वाफेचं इंजिन जाड लाकडांच्या घसरगाडीवर बसवलं, त्याला दोर गुंडाळायचं फिरतं लोखंडी बोंड जोडलं आणि ते जंगलात नेलं. १८८२ साली त्याला पेटंट मिळालं. कल्पना जहाजावरची होती. नांगर उचलायला, माल चढवायला जहाजावर असं दुय्यम इंजिन असे. त्याला खलाशी ‘डाँकी’ म्हणत, कारण त्याला घोड्याची अश्वशक्ती लावायची कुणाची छाती होत नव्हती. नाव तसंच जंगलात आलं: वाफेचं गाढव.

या गाढवाची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगतो. ते स्वतःच स्वतःला हलवत असे. दोराचं टोक पुढच्या एखाद्या भक्कम झाडाला किंवा बुंध्याला बांधायचं, इंजिन सुरू करायचं, आणि गाढव दोर गिळत गिळत, घसरगाडीसकट, डोंगर चढायचं. स्वतःच्या खांद्यावर बसता येत नाही असं आपण तर्कशास्त्राच्या तासाला शिकवतो. हे जवळपास तसंच दिसतं. फरक इतकाच, की पलीकडे झाड असतं. झाड नसतं तर यंत्र जागेवरच राहिलं असतं.

पहिल्या पहिल्या गाढवाला एक खराखुरा घोडाही लागे! ओंडका आला की दोर पुन्हा जंगलात नेऊन द्यायला. मग दुसरा ड्रम आणि परतीचा दोर आला आणि घोड्याची नोकरी गेली. जाड दोराची जागा पोलादी तारेच्या दोराने घेतली. तरी एक अडचण उरली. ओंडका जमिनीवरून फरफटत येताना त्याचं नाक प्रत्येक बुंध्यात घुसे. ओढ जितकी जास्त, तितकं नाक खोल. यावर उपाय विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत निघाला: दोर उंचावरून घ्यायचा. एक उंच झाड निवडायचं, त्याच्या फांद्या आणि शेंडा छाटायचा, चारी बाजूंनी ताण देऊन ते जहाजाच्या डोलकाठीसारखं उभं ठेवायचं आणि वरच्या टोकाला प्रचंड कप्पी टांगायची. आता ओढताना ओंडक्याचं तोंड वर उचललं जातं. त्यापुढची पायरी म्हणजे दोन टोकांमध्ये ताणलेला आकाशातला दोर, आणि त्यावरून लटकत जाणारा ओंडका.

हे झाड छाटायला जो माणूस वर चढे, त्याच्या पायाला लोखंडी काटे आणि कमरेला दोर. त्या दोराच्या पोटात पोलादी तार असे, कारण कुऱ्हाडीचा एक घाव चुकला तर साधा दोर तुटला असता. साठ मीटर उंचीवर तो शेंडा तोडे. शेंडा पडताना खालचं खोड असं झोके खाई की माणूस त्याला मिठी मारून बसे. डेरियस किन्झी नावाच्या छायाचित्रकाराने वॉशिंग्टनच्या जंगलांत अशा माणसांचे आणि यंत्रांचे फोटो अनेक वर्षं काढले. काचा धुवायचं काम त्याची पत्नी टॅबिथा करी. ते फोटो जरूर बघा.

आता माझ्या विधानाकडे येतो. कसब गेलं का? अजिबात नाही. वर चढणाऱ्याचं कसब तर बैलांच्या काळात अस्तित्वातच नव्हतं. इंजिन चालवणाऱ्याला दोराचा ताण हातातल्या लिव्हरमधून ओळखावा लागे. खाली दरीत ओंडक्याला तारेचा फास घालणाऱ्याला, ओढ आल्यावर ते धूड कुठे वळेल हे आधी ताडावं लागे. कसब सगळीकडे होतं. मोडलं ते वेगळंच.

आपली मोट आठवा. माझ्या वयाच्या लोकांनी ती बघितलेली आहे. मोटकरी नाड्यावर बसून बैल धावेवरून उतरवतो. विहीर, कप्पी, मोट सगळं त्याच्या हाकेच्या टप्प्यात. ओढणारा आणि ओझं यांच्यामध्ये एकच माणूस, आणि त्याला दोन्ही टोकं कळतात. वाफेच्या गाढवाजवळ उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोराचं दुसरं टोक दिसतच नाही. ते तीन-चारशे मीटरवर, झुडपांपलीकडे, दरीत आहे, आणि तिथे माणसं उभी आहेत.

मग या दोघांमध्ये कोण? एक पोरगा. कधी एखादा जायबंदी झालेला म्हातारा. तो अशा जागी उभा राहतो जिथून त्याला खालची माणसं दिसतात, आणि त्याच्या हातात एक लांब तार असते, जी इंजिनाच्या शिट्टीला जोडलेली आहे. खालून आरोळी आली की तो तार ओढतो. एक आखूड शिट्टी: दोर थांबलेला असेल तर ‘ओढ’. दोर चालू असेल तर तीच एक आखूड शिट्टी म्हणजे ‘थांब’! भाषेच्या तत्त्वज्ञानावर मी कितीतरी तास घेतले, पण अर्थ शब्दात नसून प्रसंगात असतो याचं इतकं नेमकं उदाहरण मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि इथे चूक झाली तर परीक्षेत गुण जात नाहीत, माणूस जातो. सात लांब आणि दोन आखूड शिट्ट्या वाजल्या की सगळं रान समजे, कुणीतरी जखमी झालंय, स्ट्रेचर आणा.

एक नियम या रानात प्रत्येक नवख्याला पहिल्या दिवशी सांगत: वळलेल्या दोराच्या आतल्या बाजूला उभं राहायचं नाही. दोर कप्पीवरून वळतो तिथे एक कोन होतो. कप्पी तुटली की ताणलेला दोर क्षणात सरळ होतो आणि त्या कोनात जे काही असेल ते कापून नेतो.

म्हणून माझं दुरुस्त विधान असं: यंत्राने कसब काढून घेतलं नाही, त्याने ओढणाऱ्याची नजर काढून घेतली. आणि नजर गेल्यावर वेग वाढवणं सोपं होतं. इंजिन दमत नाही, मग गाढवाच्या गतीने माणसं धावू लागली. हायडेगरच्या १९५४ साली छापलेल्या तंत्रज्ञानावरच्या निबंधात एक वनरक्षक आहे. तो आजोबांच्याच वाटेने जंगलात फिरतो असं वाटतं, पण त्याला फिरवत असतो लाकडाचा धंदा. बरोबर आहे. पण हायडेगरच्या त्या जंगलात कुणाचा पाय मोडत नाही, आणि तिथेच मला तो अपुरा वाटतो.

ज्यांचे मोडत होते त्यांनी आपलं उत्तर दिलं. १९१७ च्या उन्हाळ्यात वायव्येकडच्या जंगलांत मोठा संप झाला. मागणी आठ तासांची, आणि उवांनी भरलेली वळकटी पाठीवर वाहून न्यायला लागू नये याची. महायुद्धात विमानांना स्प्रूसचं लाकूड हवं होतं, म्हणून सैन्य मध्ये पडलं आणि १९१८ च्या मार्चमध्ये आठ तास मान्य झाले. त्या १ मे रोजी मजुरांनी आपल्या वळकट्या जाळल्या.

याच लाकडाच्या दुसऱ्या टोकाला, गिरण्यांत, आपली माणसं होती. बहुतेक पंजाबी. ४ सप्टेंबर १९०७ ला बेलिंगहॅममध्ये गोऱ्यांच्या जमावाने सुमारे दोनशे जणांना गावातून हुसकून लावलं. पोर्टलंडच्या एका लाकूडगिरणीत सोहनसिंग भकना राबत होते. १९१३ साली ऑरेगनमधल्या अशाच मजुरांमधून गदर चळवळ उभी राहिली. त्यांच्यात शिकायला आलेले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मिसळले. पुढे तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही गदरमध्ये आले. १६ नोव्हेंबर १९१५ ला त्यांना लाहोरला फाशी झाली. त्या गिरण्यांचं लाकूड डोंगरावरून कसं खाली आलं, हे आपल्या क्रांतिकारकांच्या चरित्रांत कुणी सांगत नाही. तेही साहजिकच आहे म्हणा.

डोंगराचं काय झालं? बैल होते तेव्हा चांगलं झाड निवडून नेत. उंच दोर आल्यावर उडत येणारा ओंडका वाटेतली कोवळी झाडं मोडत येई, म्हणून सगळाच उतार साफ करणं सोयीचं ठरलं. गाढवाच्या ठिणग्यांनी वणवे लागले. आणि गंमत अशी, की आज तीव्र उतारावर ट्रॅक्टर घालण्यापेक्षा आकाशातला दोर मातीला कमी इजा करतो, असं वनशास्त्रच सांगतं. एकाच दोराच्या नावावर दोन्ही नोंदी आहेत.

वाफ गेली, डिझेल आलं. उभ्या झाडाच्या जागी पोलादी मनोरे आले. शिट्टीच्या तारेची जागा कमरेच्या रेडिओने घेतली. आता फास घालणाराच बटण दाबतो आणि शिट्टी वाजते. मधला पोरगा गेला. हे मला चांगलं वाटतं. ज्याच्या जिवावर बेतणार, त्याच्याच हातात थांबवायची खूण आली. तरीही अमेरिकेत लाकूडतोड्यांमध्ये वर्षाला दर लाखामागे साधारण ८० ते १०० जण कामावर मरतात. सगळ्या धंद्यांची सरासरी चारच्या आत आहे. आता काही ठिकाणी दोरालाच बांधलेली यंत्रं उतारावर झाडं तोडतात आणि माणूस पोलादी केबिनमध्ये बसलेला असतो. त्याची नजर परत आली का, की काचेमागे गेली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

युरेकाला फोर्ट हम्बोल्ट म्हणून ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे जुनी गाढवं जपून ठेवली आहेत, आणि हौशी मंडळी अधूनमधून त्यांत वाफ भरून ती चालवतात. कुणी त्या बाजूला मुला-नातवंडांकडे जाणार असेल तर आवर्जून जा. पण दोर वळतो त्याच्या बाहेरच्या बाजूला उभे राहा.

थांबतो. प्रश्न घेऊ या.