गाळाचा राक्षस आणि दम्याचे ९ रोगी

आज जरा वेगळा विषय. १९७१ सालचा एक जपानी सिनेमा आहे, ‘गॉडझिला विरुद्ध हेडोरा’. रबरी पोशाखातला माणूस गॉडझिला म्हणून हातवारे करतो, समोर लाल डोळ्यांचा चिखलाचा गोळा. मध्येच कार्टून, मध्येच नाइटक्लबमधलं गाणं. एका ठिकाणी तर गॉडझिला तोंडातून आग ओकतो आणि त्या झटक्याने उलटा, शेपटीकडून आकाशात उडतो! मी पोट धरून हसलो.

पण त्या चिखलामागचा इतिहास हसण्यासारखा नाही.

जपानीत ‘हेदोरो’ म्हणजे तळाशी साचलेला घाण गाळ. त्या काळात शिझुओकामधलं तागोनोउरा बंदर कागद कारखान्यांच्या गाळाने भरलं होतं. मिनामाताला चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेला पारा माशांतून माणसांच्या अंगात गेला. आजाराची नोंद १९५६ सालची. दोष कंपनीच्या सांडपाण्याचा, हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. म्हणजे १२ वर्षं लोक भोगत होते आणि वर कागद फिरत होते.

सिनेमातला हेडोरा कारखान्याच्या धुराड्याला तोंड लावून चिलीम ओढावी तसा धूर ओढतो. तो शाळेवरून उडत जातो आणि मैदानावर कवायत करणाऱ्या मुली कोसळतात. हा प्रसंग आभाळातून पडलेला नाही. १८ जुलै १९७० रोजी टोकियोच्या सुगिनामी भागात एका शाळेच्या मैदानावर ४०हून अधिक मुली विषारी धुरक्याने खरोखरच आजारी पडल्या होत्या.

त्याच वर्षाअखेर जपानी संसदेने प्रदूषणाबाबतचे १४ कायदे एका अधिवेशनात केले. १ जुलै १९७१ ला पर्यावरण खातं सुरू झालं आणि २४ जुलैला हा सिनेमा लागला. म्हणजे सिनेमामुळे कायदे झाले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मला वाटतं ते एवढंच, की पोरांच्या सिनेमात गाळ खलनायक होतो तेव्हा तो विषय घराघरात पोचलेला असतो. मग ‘तज्ज्ञ समितीचा अहवाल येऊ द्या’ म्हणून लोकांना गप्प बसवता येत नाही.

दिग्दर्शक योशिमित्सु बान्नो यांना पुढे गॉडझिलाचा एकही सिनेमा दिग्दर्शित करायला मिळाला नाही. निर्माते तोमोयुकी तानाका यांना हा प्रकार अजिबात रुचला नव्हता, असं सांगतात.

शेवटी सैन्य हेडोराला विजेने वाळवायला जातं, तर ऐन वेळी वीजच गायब! गॉडझिला काम पुरं करतो आणि जाताना माणसांकडे रागाने एक नजर टाकतो.

खऱ्या जपानात मात्र कुठला गॉडझिला आला नाही. योक्काइची शहरात तेल-रसायन कारखान्यांच्या धुराने दमा जडलेल्या ९ जणांनी १९६७ मध्ये ६ कंपन्यांवर दावा लावला. धुरानेच आजार झाला, हे कोर्टात सिद्ध करायला ५ वर्षं गेली. निकाल त्यांच्या बाजूने लागला तो दिवस होता २४ जुलै १९७२. सिनेमा लागून बरोबर एक वर्ष झालं होतं.

राक्षस पडद्यावर दीड तासात मेला. कोर्टात त्याला हरवणारी माणसं धाप लागलेली, तुमच्या-आमच्यासारखी साधी होती.